कोणती चाचणी, कितव्या दिवशी : एचआयव्ही तपासणी आणि विंडो पीरियड

एचआयव्हीचा विषाणू शरीरात शिरला त्याच दिवशी तो पकडणारी चाचणी अजून कुठेही उपलब्ध नाही. लागण झाल्यापासून ती चाचणीत दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात, आणि चाचणी कोणती यावर ते दिवस कमी-जास्त होतात. या मधल्या काळाला विंडो पीरियड म्हणतात. मराठी माहितीपत्रकांत ‘गवाक्ष काळ’ असाही शब्द आढळतो, पण दवाखान्यात आणि समुपदेशन केंद्रात सगळे विंडो पीरियडच म्हणतात. या काळात विषाणू शरीरात असतो, झपाट्याने वाढत असतो, एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, आणि तरीही रिपोर्ट निगेटिव्ह येतो.

त्यामुळे एचआयव्हीच्या रिपोर्टला दोन तारखा असतात. रक्त घेतल्याची तारीख कागदावर छापलेली असते. शेवटची जोखीम कधी घडली, म्हणजे असुरक्षित संबंध, दुसऱ्याने वापरलेली सुई, किंवा रुग्णालयात काम करताना हाताला टोचलेली सुई, ही तारीख कागदावर नसते. ती फक्त तपासणीला आलेल्या माणसाला ठाऊक असते. या दोन तारखांमध्ये किती अंतर आहे हे कळल्याशिवाय निगेटिव्ह रिपोर्टचा अर्थ लागत नाही. चाचण्यांचे प्रकार समजून घ्यायचे ते याचसाठी. प्रत्येक प्रकार रक्तातली वेगळी गोष्ट शोधतो, आणि त्या गोष्टी रक्तात वेगवेगळ्या दिवशी येतात.

शरीरात घडते ते साधारण असे. विषाणू आत शिरतो तो बहुधा श्लेष्मल त्वचेतून किंवा थेट रक्तातून. पहिले काही दिवस तो जवळच्या ऊतींत आणि लसिकाग्रंथींत, प्रतिकारशक्तीच्या सीडी4 पेशींच्या आत वाढत असतो. रक्तात तो इतका विरळ असतो की कोणतेही यंत्र त्याला पकडू शकत नाही. साधारण दहाव्या-अकराव्या दिवशी विषाणूचा आरएनए रक्तात मोजता येईल इतका होतो. त्यानंतर सुमारे पाच दिवसांनी पी24 नावाचे प्रथिन सापडू लागते. विषाणूच्या गाभ्याभोवतीचे कवच या प्रथिनाचे बनलेले असते, आणि एकेका विषाणूकणात त्याचे हजाराहून अधिक रेणू असतात. आणखी पाचेक दिवसांनी शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेल्या अँटिबॉडी, म्हणजे प्रतिपिंडे, दिसू लागतात. त्यांत आधी आयजीएम येतात, मागून आयजीजी. या सुमारास रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या लाखो प्रती असू शकतात. पुढे प्रतिपिंडे वाढत जातात, ती पी24ला चिकटतात, आणि सुटे पी24 रक्तातून बरेचसे नाहीसे होते. म्हणजे पी24 ही थोड्या दिवसांची खूण आहे, तर प्रतिपिंडे जवळजवळ जन्मभराची.

हा क्रम इतक्या बारकाईने कळला तो अमेरिकेतल्या प्लाझ्मादात्यांमुळे. हे लोक आठवड्यातून दोनदा प्लाझ्मा देत आणि प्रत्येक वेळचा नमुना गोठवून ठेवला जाई. त्यांतल्या काहींना मध्येच लागण झाली, तेव्हा मागे जाऊन एकेका तारखेचा नमुना वेगवेगळ्या चाचण्यांनी तपासता आला. एबरहार्ड फीबिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली त्यावरून सुरुवातीच्या संसर्गाचे टप्पे मांडले, आणि ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. मात्र हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. कुणाचे शरीर लवकर प्रतिपिंडे करते, कुणाचे सावकाश. विंडो पीरियड नेहमी ‘इतक्या ते इतक्या दिवसांपर्यंत’ असा सांगितला जातो तो यामुळेच, आणि निर्धास्त होण्यासाठी त्यातला मोठा आकडा धरायचा असतो.

लक्षणांवरून लागण ओळखता येईल अशी आशा अनेकांना असते. लागणीनंतर दोन ते चार आठवड्यांनी ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ, मानेतल्या गाठी सुजणे असे काही जणांना होते; काहींना काहीच होत नाही. आपल्याकडे डेंग्यूपासून साध्या विषाणूजन्य तापापर्यंत डझनभर आजार असेच दिसतात. ताप आला म्हणून एचआयव्ही आहे असे ठरत नाही आणि ताप आला नाही म्हणून नाही असेही ठरत नाही. ठरवते ती चाचणीच, आणि तीही योग्य वेळी केलेली.

एचआयव्हीच्या पहिल्या चाचणीला अमेरिकेत मार्च 1985 मध्ये परवाना मिळाला. त्याआधी दोनच वर्षे, 1983 साली, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी आणि ल्युक माँटान्ये यांच्या गटाने हा विषाणू वेगळा केला होता. चाचणी निघाली ती मुख्यतः दान केलेले रक्त तपासण्यासाठी, कारण रक्तातून आणि रक्तघटकांतून लागण पसरत होती. रक्तपेढीला एकही दूषित पिशवी सुटून चालत नाही. एखादी चांगली पिशवी उगाच फेकावी लागली तर फार बिघडत नाही. म्हणून ती चाचणी शक्य तितकी संवेदनशील ठेवली गेली, चुकून पॉझिटिव्ह येण्याची किंमत मोजून. जिवंत माणसाच्या हातात रिपोर्ट देताना हा हिशेब उलटतो. एचआयव्ही चाचणीच्या पुढच्या साऱ्या इतिहासात या दोन गरजांची ओढाताण दिसते.

ती चाचणी एलायझा पद्धतीची होती. एलायझाची प्लेट म्हणजे हाताच्या पंजात मावणारा प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा, त्यात छोट्या छोट्या 96 वाट्या. प्रत्येक वाटीच्या तळाला विषाणूची प्रथिने चिकटवलेली असतात. वाटीत रक्तद्रव घातला की त्यात एचआयव्हीविरुद्धची प्रतिपिंडे असल्यास ती तळाला चिकटतात. मग वाट्या धुतल्या जातात, आणि ही धुण्याची पायरी फार महत्त्वाची असते, कारण ती नीट झाली नाही तर न चिकटलेले काहीबाही मागे राहते आणि खोटा रंग देते. त्यानंतर रंग आणणारे विकर जोडलेले दुसरे द्रव्य घालतात, पुन्हा धुतात, आणि शेवटी रंगद्रव्य. प्रतिपिंडे असतील त्या वाटीला रंग चढतो, आणि तो किती गडद आहे हे यंत्र प्रकाशाच्या शोषणावरून आकड्यात मोजते.

भारतात एचआयव्हीचे अस्तित्व 1986 साली याच पद्धतीने उघड झाले. चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिने देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. मद्रासमध्ये तपासणीची सोय नव्हती, म्हणून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात नेले गेले. तिथे एलायझात काही नमुने पॉझिटिव्ह निघाले. सॉलोमन या मूळच्या गायतोंडे, चेन्नईत वाढलेल्या मराठी कुटुंबातल्या. पुढे त्यांनी उभारलेल्या एचआयव्ही उपचार व संशोधन केंद्रालाही गायतोंडे हे नाव दिले. हा आजार भारतात नाहीच असे अनेक जाणकार सांगत होते, त्या काळात मिळालेले हे उत्तर होते. ज्या स्त्रियांच्या रक्तातून ते मिळाले त्यांची नावे लोकांना माहीत नाहीत, पण देशाच्या एचआयव्ही कार्यक्रमाची सुरुवात त्यांच्यापासून होते.

पहिल्या पिढीच्या चाचण्यांत प्रयोगशाळेत वाढवलेला विषाणू फोडून त्याची सगळी प्रथिने तळाला लावत. त्यात विषाणू ज्या पेशींत वाढवला त्यांचे अवशेषही येत, आणि एचआयव्हीशी संबंध नसलेली प्रतिपिंडे त्यांना चिकटत. खोट्या पॉझिटिव्ह निकालांचे हे मोठे कारण होते, आणि म्हणून खात्रीसाठी वेस्टर्न ब्लॉट ही वेगळी चाचणी करावी लागे. दुसऱ्या पिढीत कृत्रिमरीत्या बनवलेली, निवडक प्रथिने आली आणि खोटे निकाल घटले. तिसऱ्या पिढीत मांडणी अशी बदलली की आयजीजीच्या आधी येणारी आयजीएमही पकडता येऊ लागली, आणि विंडो पीरियड तीन-साडेतीन आठवड्यांच्या आसपास आला. चौथ्या पिढीने प्रतिपिंडांच्या जोडीला पी24ही शोधायला सुरुवात केली; अशा चाचणीत बहुतेकांची लागण सुमारे अडीच-तीन आठवड्यांत दिसते. वेस्टर्न ब्लॉट मात्र या सगळ्यांपेक्षा उशिरा पॉझिटिव्ह होते. चौथ्या पिढीची चाचणी पॉझिटिव्ह आणि वेस्टर्न ब्लॉट अजून अर्धवट, असा पेच त्यामुळे उभा राहू लागला. अमेरिकेने 2014 साली आपल्या तपासणीक्रमातून ती काढली, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये निदानासाठी ती वापरू नये असे सांगितले.

‘सहा महिने थांबल्याशिवाय खात्री नाही’ हे वाक्य आजही सर्रास ऐकू येते, आणि ते त्या जुन्या चाचण्यांच्या काळातले आहे. चाचण्या बदलल्या, वाक्य राहिले. त्याचा त्रास खरा असतो. लग्न ठरलेली मुलगी, परदेशी नोकरीला निघालेला मुलगा, कामावर सुई टोचलेली परिचारिका, यांनी सहा महिने झोप उडवून घेण्याचे आज बहुतांशी कारण उरलेले नाही. याची उलट चूकही तितकीच घातक आहे. जोखमीनंतर आठवड्याच्या आत लॅबमध्ये जायचे, निगेटिव्ह कागद घ्यायचा आणि विषय संपला असे समजायचे. त्या कागदावर आठवड्यापूर्वीच्या जोखमीबद्दल काहीच लिहिलेले नसते.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने दिलेल्या मर्यादा आज बहुतेक ठिकाणी आधार म्हणून घेतल्या जातात. विषाणूचा आरएनए शोधणाऱ्या न्यूक्लिक ॲसिड चाचणीत, म्हणजे नॅटमध्ये, लागण 10 ते 33 दिवसांत दिसते. हातातल्या शिरेतून घेतलेल्या रक्तावर प्रयोगशाळेत केलेल्या चौथ्या पिढीच्या चाचणीत 18 ते 45 दिवसांत. तीच दुहेरी चाचणी बोट टोचून, झटपट म्हणजे रॅपिड पट्टीवर केली तर वरची मर्यादा 90 दिवसांवर जाते. फक्त प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्यांसाठी 23 ते 90 दिवस. शिरेतल्या आणि बोटाच्या रक्तातला हा फरक पुष्कळांना माहीत नसतो. बोटाच्या थेंबात रक्तद्रव थोडा येतो आणि पट्टीची संवेदनशीलताही प्रयोगशाळेतल्या यंत्राइतकी नसते.

एक उदाहरण तारखांसह पाहू. जोखीम 1 मार्चला घडली असे धरले, तर 8 मार्चला केलेली कोणतीही चाचणी निरुपयोगी. 20 मार्चला, म्हणजे एकोणिसाव्या दिवशी, लागण झालेली असल्यास नॅट बहुधा ती दाखवेल, चौथ्या पिढीची चाचणी कदाचित दाखवेल, पण साधी रॅपिड चाचणी निगेटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त. आणि नेमक्या याच दिवसांत त्या माणसाच्या रक्तात आणि वीर्यात विषाणूचे प्रमाण फार मोठे असते. 15 एप्रिलला 45 दिवस होतात. त्या दिवशी प्रयोगशाळेतली चौथ्या पिढीची चाचणी निगेटिव्ह आली तर 1 मार्चच्या जोखमीपुरता तो निकाल विश्वासाचा. रॅपिड चाचणीवरच अवलंबून असलेल्याने 30 मेनंतर, 90 दिवस पूर्ण झाल्यावर, पुन्हा तपासणी करावी. आणि मधल्या काळात पुन्हा जोखीम घडली असेल तर मोजणी त्या नव्या तारखेपासून.

महाराष्ट्रात आणि देशभरात बहुसंख्य लोकांची तपासणी होते ती सरकारी रुग्णालयांतल्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत. सेवा मोफत असते. आधी समुपदेशकाशी बोलणे, मग लेखी संमती, मग रक्त. चाचण्या रॅपिड असल्या तरी एकसारख्या नसतात. एका प्रकारात लहान कंगव्यासारखा प्लॅस्टिकचा तुकडा वापरतात. त्याचा एकेक दात एकेका नमुन्यासाठी असतो. दात आधी रक्तद्रवात, मग धुण्याच्या द्रावणात, मग रंगद्रव्यात असा बुडवत जातात, आणि शेवटी त्यावर ठिपके उमटतात. त्यांतला नियंत्रणाचा ठिपका प्रत्येक नमुन्यात उमटलाच पाहिजे. दुसऱ्या प्रकारात पाझरणाऱ्या पडद्यावर रक्तद्रव आणि रंगद्रव्य एकामागून एक सोडतात आणि काही मिनिटांत एचआयव्ही-1 आणि एचआयव्ही-2 यांचे वेगवेगळे ठिपके वाचता येतात. तिसरा प्रकार गरोदरपणाच्या पट्टीसारखा, थेंब एका टोकाला टाकला की तो सरकत पुढे जातो आणि रेघा उमटतात. नियंत्रणाची रेघ उमटली नाही तर चाचणीच फसली. तिला निगेटिव्ह म्हणायचे नाही, नवी पट्टी घ्यायची. रेघ फिकट असली तरी ती रेघच. आणि ठरलेल्या वेळेनंतर, तासाभराने वगैरे, पट्टी पुन्हा पाहून निकाल बदलायचा नाही, कारण सुकताना खोट्या रेघा दिसू शकतात.

पहिली चाचणी निगेटिव्ह आली की निकाल निगेटिव्ह. पण ती प्रतिसादी, म्हणजे रिॲक्टिव्ह, आली तर तेवढ्यावर कोणालाही पॉझिटिव्ह ठरवले जात नाही. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, पद्धतीनुसार लक्षणे नसलेल्या माणसाचा नमुना वेगळ्या तत्त्वावरच्या किंवा वेगळी प्रथिने वापरणाऱ्या आणखी दोन चाचण्यांतून जातो. तिन्ही प्रतिसादी आल्या तरच पॉझिटिव्ह. निकाल एकमेकांशी जुळले नाहीत आणि चित्र स्पष्ट झाले नाही तर ते अनिश्चित मानून 14 ते 28 दिवसांनी नवे रक्त घेतले जाते. तेवढ्या दिवसांत खरी लागण असेल तर प्रतिपिंडे ठळक होतात, खोटा प्रतिसाद असेल तर बहुधा तसाच विरळ राहतो किंवा नाहीसा होतो.

तीन चाचण्यांचा हा आग्रह कागदी सोपस्कार वाटू शकतो. त्यामागचे गणित पाहिले तर तसे वाटणार नाही. भारतात प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे 0.2 टक्के आहे. सर्वसाधारण लोकांतले एक लाख तपासले तर त्यांत सुमारे 200 जणांना खरी लागण असेल, 99,800 जणांना नसेल. चाचणी खरी लागण जवळजवळ कधीच चुकवत नाही आणि लागण नसलेल्यांत 99.5 टक्के वेळा बरोबर निगेटिव्ह सांगते असे धरू. ही चांगली चाचणी आहे. तरीही त्या 99,800 मधल्या 499 जणांना ती चुकीने प्रतिसादी दाखवेल. एकूण सुमारे 699 प्रतिसादी निकालांत खरे 200च. म्हणजे पहिल्याच चाचणीवर निकाल सांगितला तर दर सातांतल्या पाच जणांना नसलेला आजार सांगितला जाईल. तितकीच चांगली पण वेगळ्या बनावटीची दुसरी चाचणी लावली की त्या 499 चे दोन-तीनच उरतात, आणि तिसरी चाचणी त्यांचीही छाननी करते. चाचणी वेगळ्या बनावटीचीच हवी, कारण तीच पट्टी तीनदा वापरली तर तीच चूक तीनदा होईल. खासगी लॅबमध्ये लग्नाआधी, शस्त्रक्रियेआधी किंवा विमा काढताना केलेली एकच चाचणी प्रतिसादी आली आणि तोच कागद माणसाच्या हाती दिला गेला, असे घडते तेव्हा घरे मोडतात. असा कागद हाती आला की आयसीटीसीत जाऊन पूर्ण क्रमाने तपासणी करून घेणे हा त्या माणसाचा हक्क आहे, आणि तोवर निदान झालेले नसते.

खोट्या प्रतिसादाची कारणे वेगवेगळी असतात: स्वप्रतिकार आजार, एखादा दुसरा संसर्ग, अलीकडे घेतलेली लस, अनेक गरोदरपणे, आणि अगदी नळ्यांची अदलाबदल. यंत्रावर केलेल्या चाचणीत निकालासोबत एक गुणोत्तरही छापलेले असते. 1 च्या खाली निगेटिव्ह, 1 किंवा वर प्रतिसादी. गेल्या वेळी 0.12 होते आणि आता 0.31 आले म्हणून घाबरलेले लोक डॉक्टरांकडे येतात. 1 च्या खालच्या आकड्यांतल्या अशा चढउताराला अर्थ नसतो. 1 च्या जरा वरचे आकडे मात्र पुढच्या चाचण्यांशिवाय कधीही स्वीकारू नयेत, कारण खोटे प्रतिसाद बहुतांशी तिथेच असतात. खऱ्या, जुन्या लागणीत हा आकडा सहसा बराच मोठा असतो.

नॅट सर्वांत लवकर लागण दाखवते, मग सगळ्यांची तीच का करू नये, हा प्रश्न रास्त आहे. ती महाग आहे, तिला खास यंत्रसामग्री आणि काटेकोर प्रयोगशाळा लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती एकटी पुरत नाही. औषधे घेणाऱ्याच्या रक्तात आणि मोजक्या काही लोकांत औषधांशिवायही विषाणू इतका कमी असतो की नॅट निगेटिव्ह येते, प्रतिपिंडे मात्र असतात. नॅट उपयोगी पडते ती ठरावीक ठिकाणी: अगदी ताज्या लागणीचा दाट संशय असताना, तान्ह्या बाळांत, आणि रक्तपेढीत.

भारतात दान केलेल्या रक्ताची एचआयव्ही तपासणी 1989 पासून सक्तीची आहे. पैसे घेऊन रक्त विकणाऱ्या व्यावसायिक दात्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून बंदी आली. या दोन्ही उपायांनी मोठा फरक पडला, तरी विंडो पीरियडमधल्या दात्याची पिशवी चाचणीतून सुटू शकते. काही रक्तपेढ्या एलायझाच्या जोडीला नॅट करतात. त्याने हा धोका पुष्कळ कमी होतो, पण पहिले दहा दिवस तिलाही दिसत नाहीत. म्हणून दात्याला अर्जावर विचारलेले खासगी प्रश्न टाळायचे नसतात. जोखमीनंतर फुकट तपासणी होईल म्हणून रक्तदान शिबिरात जाणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण चाचणी चुकली तर ते रक्त थॅलेसेमियाच्या मुलाला किंवा बाळंतिणीला जाते. मोफत आणि गोपनीय तपासणीसाठी आयसीटीसी आहेच.

बाळांचा प्रश्न अगदी वेगळा. आईची आयजीजी प्रतिपिंडे वारेतून बाळाच्या रक्तात जातात आणि कधी कधी 18 महिन्यांपर्यंत टिकतात. एचआयव्हीबाधित आईचे निरोगी बाळही त्यामुळे साध्या चाचणीत पॉझिटिव्ह दिसते. अशा बाळात प्रतिपिंडे शोधून उपयोग नाही, विषाणूचाच शोध घ्यावा लागतो. पहिली तपासणी दीड महिन्याच्या लसीकरणाच्या सुमारास होते. बाळाची टाच टोचून रक्ताचे काही थेंब खास गाळण कागदावरच्या छापील वर्तुळांत भरतात. प्रत्येक वर्तुळ पूर्ण भरावे लागते आणि थेंबावर थेंब टाकायचा नसतो. कागद सावलीत नीट वाळला की पाकिटात बंद करून प्रयोगशाळेत पाठवता येतो, बर्फाची पेटी लागत नाही. दुर्गम तालुक्यांतल्या बाळांपर्यंत लवकर निदान पोहोचले ते या वाळलेल्या थेंबांमुळे. सहा महिने, बारा महिने आणि अठरा महिने या वयांत पुन्हा तपासण्या होतात, आणि बाळ अंगावर पीत असेल तर स्तनपान थांबल्यावर काही आठवड्यांनी केलेली तपासणी अखेरची धरली जाते. गरोदर बाईची पहिल्या तिमाहीतली चाचणी निगेटिव्ह असली तरी पुढे जोखीम असेल तर ती पुन्हा करावी लागते. गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात नव्याने झालेल्या लागणीत विषाणूचे प्रमाण खूप असते आणि तो बाळाकडे जाण्याचा धोकाही मोठा असतो.

पश्चिम भारतात आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. एचआयव्हीचे दोन प्रकार आहेत. जगभर पसरलेला तो एचआयव्ही-1. एचआयव्ही-2 मुख्यतः पश्चिम आफ्रिकेतला, आणि भारतात तो आढळला तो 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपासून, विशेषतः मुंबई आणि गोव्याच्या बाजूला. गिनी-बिसाऊ आणि गोवा या दोन्ही पूर्वी पोर्तुगीज वसाहती असल्याने तो या मार्गाने आला असावा असा संशोधकांचा कयास आहे. एचआयव्ही-2 सावकाश वाढतो आणि कमी सहजतेने पसरतो, पण नेव्हिरापिन आणि एफाविरेन्झ या गटातली औषधे त्याच्यावर मुळीच चालत नाहीत, आणि एचआयव्ही-1 साठी केलेली, रक्तातल्या विषाणूचे प्रमाण सांगणारी नेहमीची व्हायरल लोड चाचणी त्याला मोजत नाही. दोन्ही विषाणूंची प्रतिपिंडे एकमेकांच्या ठिपक्यांवर चिकटू शकतात, म्हणून रॅपिड चाचणीत दोन्ही ठिपके उमटले तर दोन्हींची लागण आहे असे लगेच मानत नाहीत. नमुना ठरवून दिलेल्या संदर्भ प्रयोगशाळेत पाठवून खात्री केली जाते.

औषधांमुळेही विंडो पीरियड लांबतो. जोखमीनंतर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायची पीईपी औषधे लागण टाळतात, पण लागण झालीच तर विषाणू दबलेला राहतो आणि प्रतिपिंडे उशिरा येतात. म्हणून ब्रिटनमध्ये पीईपी संपल्यानंतर 45 दिवसांनी, म्हणजे जोखमीपासून सुमारे 73 दिवसांनी, चौथ्या पिढीची चाचणी करतात. भारतात त्यापुढेही फेरतपासणी सांगितली जाते. लागणीआधीच नियमित घेतल्या जाणाऱ्या प्रेप औषधांतही असाच विलंब होऊ शकतो. घरी करायच्या स्वयंचाचण्यांपैकी हिरड्यांवरून बोळा फिरवून करायची चाचणी विषाणू नव्हे, तोंडातल्या द्रवातली प्रतिपिंडे शोधते. तिथे ती रक्तातल्यापेक्षा विरळ असतात. अशी पहिली घरगुती चाचणी अमेरिकेत 2012 साली मंजूर झाली तेव्हा सामान्य लोकांनी स्वतः केलेल्या वापरात दर बारा बाधितांपैकी सुमारे एकाची लागण तिच्यातून सुटत होती. तिचा निगेटिव्ह निकाल तीन महिन्यांआधी धरू नये आणि प्रतिसादी निकाल केंद्रात पूर्ण तपासणी होईपर्यंत निदान मानू नये.

एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. कायद्यातले मोजके अपवाद सोडले तर माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, चाचणीआधी आणि नंतर समुपदेशन द्यावे लागते, आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. नोकरी, शिक्षण किंवा उपचार देण्याची अट म्हणून चाचणी मागणे बेकायदा आहे. समुपदेशकाने शेवटच्या जोखमीची तारीख विचारणे हा या समुपदेशनाचाच भाग. त्या एका प्रश्नाच्या खऱ्या उत्तरावर पुढच्या तपासणीची तारीख ठरते, म्हणून तो प्रश्न विचारणारा शांत आणि निवाडा न करणारा असावा लागतो. केंद्रात जायचा धीर होत नसेल तर 1097 या मोफत क्रमांकावर नाव न सांगता बोलता येते.

निदान पक्के झाले की चाचणीचे काम बदलते. 2017 पासून भारतात सीडी4 चा आकडा कितीही असला तरी प्रत्येक बाधिताला विषाणू दाबणारी, म्हणजे एआरटी, औषधे मोफत दिली जातात. सीडी4 चाचणी प्रतिकारशक्ती मोजते आणि व्हायरल लोड औषधांचा परिणाम. सीडी4 कमी आहे एवढ्यावरून एचआयव्हीचे निदान होत नाही. औषधे नियमित घेतल्यावर व्हायरल लोड इतका खाली जातो की तो मोजता येत नाही, आणि तो तसाच टिकून राहिला की लैंगिक संबंधांतून दुसऱ्याला लागण होत नाही. अशा वेळी काही जण बरे झालो का हे पाहायला बाहेरच्या लॅबमध्ये पुन्हा साधी एचआयव्ही चाचणी करतात, ती पॉझिटिव्ह येते आणि ते खचतात, किंवा औषधांनी काहीच झाले नाही असे समजून औषधे सोडतात. ती चाचणी प्रतिपिंडे शोधते आणि प्रतिपिंडे बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. उपचार लागू पडतात की नाही हे कळते ते एआरटी केंद्रात सहाव्या आणि बाराव्या महिन्याला आणि पुढे दरवर्षी होणाऱ्या व्हायरल लोड चाचणीतून.